दीड तासावरची बहीण

"आत्तापर्यंत मंदार अश्विनीच्या दारात उभा असता बघ."

शारजाहून दुबईला जाणाऱ्या रस्त्यावर, मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत, कुंदाकाकू माझ्या शेजारच्या सीटवरून हे वाक्य हमखास म्हणायच्या. मी स्टिअरिंगवर बोटं आपटत असायचे, ऑफिसातून दोन मिस्ड कॉल येऊन गेलेले असायचे, आणि ह्या बाईंचं चित्त कुठे, तर पार युरोपच्या डोक्यावर. मनात म्हणायचे, काकू, मंदारचं राहू द्या, आपण आधी तो पुढचा पूल तरी गाठू.

मंदार म्हणजे त्यांचा धाकटा. कोपनहेगनला असतो, पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीत. अश्विनी मोठी, हेलसिंकीला, हॉस्पिटलात. दोन्ही विमानतळांमधलं अंतर नऊशे किलोमीटरला थोडं कमी. विमानाला दीड तास, वारा उलटा असला तर दहा-पंधरा मिनिटं जास्त. आता मला सांगा, हे मला का माहीत असावं? मला धड इथलं शेजारचं फुजैरा किती लांब आहे ते सांगता येत नाही. पण काकूंच्या समोरच्या दारात तीन वर्षं राहिल्यावर माणसाला हे पाठ होतं, जसे शेजारच्या पोराचे पाढे आपल्याला पाठ होतात.

काकूंकडे वेळ मोजायचं ते एकच माप होतं. वरणभाताचा कुकर पडेपर्यंत कोपनहेगनचं विमान समुद्रावर आलेलं असायचं. बँकेत टोकन घेऊन बसलं की हेलसिंकी हमखास यायचं. एकदा आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली आणि आम्ही दोघी आत अडकलो. मी घाबरून अल्लाला, गणपतीला, वॉचमनला, सगळ्यांना हाका मारत होते. बाहेर पडल्यावर काकू घड्याळ बघून म्हणाल्या, "मंदार अर्ध्या रस्त्यात असता गो."

मूळच्या वेंगुर्ल्याच्या. सामंतकाका एका काँट्रॅक्टिंग कंपनीत होते, त्यांच्यामागे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे आल्या. मुलं इथेच वाढली, इथल्या शाळेत शिकली आणि पंख फुटल्यावर उडाली ती थेट बर्फात. काका गेल्यावर काकूंनी आपलं छोटं किचन चालू ठेवलं होतं. दोन मदतनीस बायका, एक डिलिव्हरीचा मुलगा, आणि दुबईतल्या मराठी ऑफिसवाल्यांचे डबे. गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी तर अबुधाबीपासून यायच्या. आठवड्यातून तीनदा त्या माझ्या गाडीतून दुबईतल्या करामा बाजारात यायच्या, मसाले आणि भाजी बघायला. भाजी डिलिव्हरीवालाही आणून देत होता. पण घरी बसवत नव्हतं हे खरं कारण.

बसणं हा प्रकारच त्यांना जमायचा नाही. गाडीतसुद्धा सीटच्या टोकावर, पट्टा हाताने ओढून धरून, ब्रेक आपल्याच पायाखाली असल्यासारख्या. आमच्याकडे चहाला आल्या तर कप हातात घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारायच्या, मग कप विसळायच्या, मग माझेही चार कप विसळायच्या, मग ओटा पुसायच्या. मी ओरडायचे, "काकू, बसा हो जरा! मला चक्कर येतेय तुमच्याकडे बघून." तर म्हणायच्या, "तू बस. तुझं वय आहे बसायचं." त्यांच्याकडे आरती झाली की शेवटच्या टाळीबरोबर इथल्या अरबीत "यल्ला", म्हणजे चला, "प्रसाद घ्या!" एखादं काम झालं की "खलास", आणि हात झटकून पुढचं काम. फक्त "इन्शाल्ला" हा शब्द त्यांना चालायचा नाही. "इथला माणूस म्हणतो ते वेगळं, तो मनापासून म्हणतो," त्या म्हणायच्या. "आपली माणसं म्हणाली की समजायचं, काम होत नाही. मंदार 'बघू आई' म्हणतो ना, ते त्याचं इन्शाल्ला."

हे "बघू आई" कशावर, ते वेगळं सांगायला नको. मंदार आणि अश्विनी चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

काकू दोघांना वेगवेगळे फोन करायच्या, आणि पोळ्या लाटताना फोन स्पीकरवर असल्याने आम्ही सगळेच ते ऐकायचो. अश्विनी सरळ विचारायची, "मंदार नीट जेवतो का? मी विचारलं म्हणून सांगू नकोस." मंदार बहिणीचं नाव घ्यायचा नाही, ताईही म्हणायचा नाही. तो म्हणायचा "तिकडे". "तिकडे बर्फ पडला का? तिकडे सगळं बरं?" काकू फोन ठेवून पोलपाटावर लाटणं आपटायच्या. "तिकडे म्हणे! जिने ह्याला कडेवर घेऊन फिरवला, ती तिकडे!"

त्यांच्या फोनवर ते विमानं दाखवणारं ॲप होतं. नकाशावर पिवळी-पिवळी विमानं सरकतात ते. त्यातलं कोपनहेगन-हेलसिंकीचं विमान त्या रोज बघायच्या. तळणीत पुऱ्या, डाव्या हातात फोन. "सुटलं गो!" म्हणून मला दारातून ओरडून सांगायच्या. मीही काय, ऑफिसला निघताना "वेळेवर का?" म्हणून विचारायला लागले. एकदा मात्र त्यांनी फोन ओट्यावर उपडा घातला आणि म्हणाल्या, "किती माणसं बसलीत त्यात, स्मिता. रोज जातात, रोज येतात. माझाच एक मुलगा तेवढा बसत नाही." पुऱ्या जळत होत्या त्या मी काढल्या.

पण नुसतं रडत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्या कारवाया करायच्या.

इथल्या मराठी माणसांत एक पद्धत आहे. कुरिअर कोणी करत नाही. कोण कुठे चाललंय त्याचा सुगावा लावायचा आणि त्याच्या बॅगेत आपले दोन किलो घुसवायचे. काकूंना ह्याचा वास यायचा. कुणाच्या घरात सूटकेस माळ्यावरून खाली आली की ह्या दारात. "कोण चाललंय? कुठे? किती किलो शिल्लक?" लोक गावाला जायची बातमी लपवून ठेवायला लागले होते. एका दिवाळीला माझ्या नवऱ्याच्या, विवेकच्या ऑफिसातला केदार नावाचा मुलगा ट्रेनिंगला कोपनहेगनला निघाला, आणि बातमी फुटली माझ्याच तोंडून.

काकूंनी काय करावं? त्यांच्याकडे लग्नात मिळालेला पितळेचा सोऱ्या होता, चकल्यांचा, चांगला मनगटाएवढा जाड. तो त्यांनी केदारबरोबर मंदारला पाठवला. नुसता सोऱ्या. चकतीशिवाय. आणि सगळ्या चकत्या, चकलीची, शेवेची, पापडीची, सुती कापडात गुंडाळून एका ओळखीच्या बाईंबरोबर हेलसिंकीला अश्विनीकडे.

"आता कशा करतात बघू चकल्या," त्या मला म्हणाल्या. डोळे असे लकाकत होते की मला त्यांच्या शाळेतल्या बाईंची दया आली. "एकाकडे भांडं, एकीकडे चकती. दोघांना चकली प्राणापलीकडे. भेटल्याशिवाय दिवाळी नाही."

"काकू, तिथे दुकानात वेफर्स मिळतात."

"गप बस. चांगलं बोल."

केदारची विमानतळावर जी वरात निघाली ती त्याने परत आल्यावर आम्हाला दोनदा साभिनय करून दाखवली. सोऱ्या त्याने हातातल्या बॅगेत ठेवलेला. मशीनमधून जाताना पडद्यावर काय दिसलं असेल देव जाणे. पितळेची नळी, आत दट्ट्या, दोन कान. बॅग बाजूला. "हे काय?" "चकली मेकर." "चकली म्हणजे काय?" केदारने कागदावर चकली काढून दाखवली, काटे-बिटे काढून. त्यावर त्यांनी आणखी दोघांना बोलावलं. शेवटी एक मल्याळी कर्मचारी आला, त्याने सोऱ्या उलटासुलटा केला आणि म्हणाला, "अरे, हे तर मुरुक्कूचं यंत्र. माझ्या आईकडे आहे. पण ह्याची चकती कुठेय?" केदार म्हणाला, "हेलसिंकीला." त्या माणसाने म्हणे त्याच्याकडे खूप वेळ बघितलं आणि जाऊ दिलं.

मग आम्ही वाट बघत बसलो. आम्ही म्हणजे काकू, मी, विवेक, किचनमधल्या दोघी, झाडून सगळे. अश्विनीचा मेसेज आला, "चकत्या पोचल्या. सोऱ्या कुठेय?" काकूंनी लिहिलं, "मंदारकडे." उत्तर आलं, "बरं." तेवढंच. काकू दिवसभर ते "बरं" उघडून बघत होत्या. "तिला वाटतंय गो," त्या म्हणाल्या. "नुसतं 'बरं'मध्ये किती आहे बघ."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मंदारने फोटो पाठवला. ताटलीभर चकल्या. काटेरी, खुसखुशीत, रंगसुद्धा बरोब्बर आलेला. खाली लिहिलं होतं, "आई, चकती पाठवायची विसरलीस. डिझाइन करून ऑफिसच्या थ्री-डी प्रिंटरवर प्रिंट केली. मस्त झाल्या!!"

काकू तो फोटो बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांचा चेहरा असा काही झाला, आधी अभिमान, मग हसू, मग सगळंच कोसळलं. "चांगल्या झाल्यात गो मेल्याच्या," त्या म्हणाल्या आणि ओट्याला टेकून रडायला लागल्या. मीपण रडले. त्या प्रिंटर शोधून काढणाऱ्या माणसाला मी त्या दिवशी मनसोक्त शिव्या दिल्या.

भांडण कशावरून झालं होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. सामंतकाका गेले तेव्हा, आम्ही इथे राहायला यायच्या आधी, काहीतरी बिनसलं, एवढं बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही करामाहून परत येत होतो. शारजात शिरताना इंडस्ट्रियल एरियाच्या रस्त्यावर गाड्या ठप्प. मागच्या सीटवर माझी रिया कानात हेडफोन घालून, जगाशी संबंध नसल्यासारखी. काकूंचं वाक्य आलंच, "आत्तापर्यंत मंदार..." आणि मी उसळले. दिवसभराचा राग होता, दुसऱ्या कोणाचा असेल, निघाला त्यांच्यावर.

"काकू, दीड तास, दीड तास! दीड तास काय करायचाय, ते बोलत का नाहीत ते सांगा ना एकदा!"

मग त्यांनी सांगितलं. सुरुवात अशी केली की जणू दुसऱ्या कोणाच्या घरची गोष्ट आहे.

काका अचानक गेले. हार्ट अटॅक. अश्विनी त्याच दिवशी निघाली आणि पोचली. मंदार विमानतळावर अडकला. कोपनहेगनला एवढा बर्फ की धावपट्टीच बंद. इकडे कागदपत्रं, वकिलातीचं पत्र, पोलिसांचं पत्र. एरवी ह्याला दिवस लागतात, पण कधी नव्हे ते सगळं एका दिवसात झालं. शारजाच्या स्मशानातून फोन आला, उद्या सकाळची वेळ आहे. नाहीतर मग सुट्टी, म्हणजे आणखी दोन दिवस. मंदार फोनवर रडत होता, थांबा, मी येतोय, थांबा.

"अश्विनी म्हणाली, आई, थांबू या. बिचारी तेच म्हणाली," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, नाही."

"तुम्ही?"

"मी त्यांना बघून आले होते ना त्या शवागारात. त्या थंडीत. स्मिता, ह्या माणसाला ऑफिसच्या एसीत स्वेटर लागायचा. उन्हाळ्यात, इथल्या उन्हाळ्यात, रात्री चादर घेऊन झोपायचे. त्या फ्रिजमध्ये आणखी दोन रात्री? माझ्याच्याने झालं नाही. मी म्हटलं, खलास. उद्या. अश्विनीने सगळं केलं. अग्नीसुद्धा तिनेच दिला."

मंदार त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. तेव्हा अस्थींचा कलश हॉलमध्ये टेबलावर होता. तो आत आला, त्याने कलश बघितला आणि बहिणीला विचारलं, "ताई, दोन दिवस थांबता आलं नाही तुला?" आणि अश्विनीने आईकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मी ठरवलं."

"मी तिथेच उभी होते," काकू म्हणाल्या. "हातात पाण्याचा ग्लास, त्याच्यासाठी आणलेला. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. नंतर मी तिला म्हटलं, मी सांगते त्याला. तर म्हणाली, राहू दे. माझ्याशी बोलला नाही तरी चालेल, तुझ्याशी बोलायचं सोडलं तर तो एकटा पडेल तिथे. आणि तू इथे."

"आणि तुम्ही राहू दिलंत?"

"राहू दिलं."

"चार वर्षं?"

आता हे मी ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला नंतर बरेच दिवस आवडला नाही. पण मी भडकले होते. सोऱ्या पाठवतात, चकत्या पाठवतात, विमानं मोजतात, लोकांच्या बॅगा भरतात, आणि एक वाक्य बोलायचं तर...! मी ते सगळं बोलूनही दाखवलं. "तुमच्या लेकीने काय घोडं मारलंय हो?" असंही म्हणाले.

काकूंनी पट्टा काढला, दार उघडलं आणि त्या खाली उतरल्या.

"काकू! अहो, काय करताय? आत या!"

त्या चालायला लागल्या. रस्त्याच्या कडेने, टायरच्या दुकानांसमोरून, हातात मेथीच्या जुड्यांची पिशवी, ताड ताड ताड. माझी गाडी त्यांच्या बरोबरीने सरकतेय. मी काच खाली करून हाका मारतेय, त्या ऐकत नाहीत. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. एक पठाण दुकानदार बाहेर येऊन मला हिंदीत म्हणाला, "मॅडम, बुजुर्ग को ऐसे चलाते हैं क्या?" रियाने हेडफोन काढले. "ममा, व्हाय इज आजी वॉकिंग? इज शी फास्टर दॅन अस?" खरंच, त्या आमच्या पुढे गेल्या होत्या.

दोन सिग्नल पुढे त्या थांबल्या, गाडी आली, दार उघडून आत बसल्या. घामाने भिजलेल्या. पट्टा लावला. म्हणाल्या, "त्याने फोन बंद केले तर मी काय करू, ते सांग. त्याचा रविवारचा फोन नाही आला तर माझा आठवडा कसा जाईल ते सांग." रियाने मागून पाण्याची बाटली दिली. त्यानंतर आम्ही ह्या विषयावर बोललो नाही, आणि काकूंचा मंदार माझ्या गाडीत पुन्हा अश्विनीच्या दारात पोचला नाही. त्याची मला इतकी सवय झालेली की ते वाक्य नसलं की रस्ता संपता संपत नसे.

ह्या वर्षी काकूंचे गुडघे गेले. डॉक्टरने सांगितलं, उभं राहणं बंद. किचनचं लायसन्स संपत आलं होतं, ते रिन्यू केलं नाही. लायसन्स नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर इथून गाशा गुंडाळा, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. फक्त आपल्यावर येईपर्यंत कोणी मनावर घेत नाही. भांडी वाटली, ओव्हन विकला, मोठी पातेली मदतनीस बायकांना दिली. मंदार म्हणाला, माझ्याकडे ये. अश्विनी म्हणाली, माझ्याकडे ये. ठरलं असं की आधी व्हिजिटवर कोपनहेगनला, मग तिथून हेलसिंकीला, मग वेंगुर्ला, पुढचं पुढे.

त्यातही त्यांनी शेवटची कारवाई केली. मंदारला फोनवर म्हणाल्या, "मला एकटीला नाही जमायचं बाबा ते मधलं विमान. तू सोडायला चल. दीड तास तर आहे." तीस वर्षं विमानाने येजा केलेली बाई, सामानासाठी काउंटरवरच्या पोरींशी हुज्जत घालून दरवेळी पाच किलो जास्त नेणारी, आणि म्हणे जमायचं नाही! मंदार म्हणाला, "काही काळजी करू नकोस, व्हीलचेअर बुक करतो. दारापासून दारापर्यंत माणूस असतो." काकूंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय देश आहेत गो हे. माणसाला माणसाची गरजच ठेवली नाही."

विमान दुपारचं होतं. मी ऑफिसातून सुट्टी काढली. विवेकने सामान गाडीत चढवलं, किचनमधल्या दोघी बायका खाली येऊन रडल्या, वॉचमनने हात जोडले. काकू कोणाजवळ थांबल्या नाहीत. "यल्ला, यल्ला, जाम लागेल." जाम नव्हताच. रस्ता असा मोकळा की मला राग आला. इतकी वर्षं कुठे होता हा रस्ता?

विमानतळाची पाटी दिसली तशी काकू म्हणाल्या, "गाडी बाजूला घे जरा." मी पार्किंगमध्ये घेतली. त्यांनी फोन काढला, चष्मा चढवला आणि मंदारला लावला. स्पीकर सुरूच होता, तो त्यांना कधी बंद करता आला नाही.

"निघालीस आई? वेळेवर आहे विमान. मी येतोय घ्यायला."

"ऐक," काकू म्हणाल्या. "बाबांचं दुसऱ्या दिवशी करायचं मी ठरवलं होतं. अश्विनी थांबू या म्हणत होती. मी ऐकलं नाही. तिने स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. तू तिला बोललास तेव्हा मी तिथेच उभी होते."

पलीकडून ऑफिसातले आवाज येत होते, कोणी हसलं कुठेतरी. मग मंदार म्हणाला, "आई, तू हे आत्ता सांगतेस?" आवाज ओळखू येत नव्हता. आणि फोन बंद झाला.

मी काकूंचा हात धरला. "काकू, अहो तिथे गेल्यावर सांगायचं ना. समोरासमोर. आता तो घ्यायला आला नाही तर?"

"समोर गेले की तो माझ्या पाया पडणार, मी रडणार, आणि अश्विनीचं परत राहून जाणार. आता सात तास आहेत त्याच्याकडे. काय रागवायचं ते रागावून घेऊ दे." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "नाही आला तर तिथनंच पुढचं विमान धरेन. माझ्यावर रागावला असेल तो. अश्विनीवर तर नाही ना आता?"

आम्ही आत गेलो. सामान गेलं, पास मिळाला. व्हीलचेअरवाला मुलगा त्यांना शोधत आला, त्याला त्यांनी "खुर्चीवर ही बॅग ठेव, मी चालते" म्हणून सांगितलं. मी मिठी मारायच्या बेतात होते, काही बोलायचंही ठरवलं होतं, इतक्यात फोन वाजला. अश्विनी.

"आई, तू काय सांगितलंस त्याला?" ती ओरडतच होती. आजूबाजूचे लोक बघायला लागले. "मंदारचा फोन आला होता! मला! तो काही बोलतच नाहीये, नुसता रडतोय. ताई ताई करतोय आणि रडतोय. मला काही कळेना, मी फोन ठेवून तुला केला."

काकूंचा आवाज आला तो असा की तपासणीच्या रांगेतला शिपाईसुद्धा वळला.

"मग माझ्याशी काय बोलत बसलीयस, गाढवे? त्याला फोन कर! कर आधी!"

आणि लेकीचं उत्तर यायच्या आत त्यांनी फोन बंद केला, पर्समध्ये टाकला, व्हीलचेअरवाल्या मुलाला हाताने पुढे ढकललं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्याच्या मागून निघाल्या. मी केव्हाचा हात वर केला होता. त्यांनी वळून बघितलं नाही. त्या फार घाईत होत्या.